ताकदीच्या गोळ्या

आमच्या दवाखान्यात सोळा नंबरची खोली आणि सतरा नंबरची खोली शेजारीशेजारी होत्या. सतरात दात काढायचे, सोळात मी बसायचे. बाहेर दोन्ही खोल्यांना मिळून एकच लांब बाकडं. त्यामुळं माझ्याकडं आलेली निम्मी माणसं गालाला रुमाल लावून बसलेली असायची. ओळखीचं कुणी दिसलं की जरा कण्हायचीसुद्धा. एका शाळेचे मास्तर चार वर्षं असे दाढदुखीवर निभावत आले. एकदा सतरा नंबरला नवीन डॉक्टर आले. त्यांना मास्तरांची दया आली आणि त्यांनी हाताला धरून त्यांना रांगेतून आधी आत नेलं, खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं. मास्तर इतके भिडस्त की सुई दिसेपर्यंत बोलले नाहीत. मी पळत जाऊन सोडवून आणलं. म्हटलं, मास्तर, चांगली दाढ गेली असती की. तर म्हणाले, "दाढ गेलेली चालंल बाई. नाव जाऊ नये."

सोळा नंबर म्हणजे मनाच्या आजारांचा विभाग. पाटीवरचं नाव लांबलचक आहे, ते वाचून कुणाला काही कळत नाही. रिक्षावाले सरळ 'येड्याचा दवाखाना' म्हणतात आणि तिथं सोडायचं म्हटलं की आरशातून दोनदा बघून घेतात. मी तिथं अठरा वर्षं सिस्टर होते. आता रिटायर होऊन पालीला घराच्या ओट्यावर बसून असते. संपादकांनी दिवाळी अंकाला लिहा म्हणून फोन केला, तेव्हा वाचकांना हलकंफुलकं आवडतं असंही हळूच सांगून ठेवलं. मास्तरांची गोष्ट त्यांच्यासाठी. पुढची मात्र माझ्यासाठी आहे. तिच्यात चूक माझी आहे, आणि ती मी नोकरीत असताना कुठल्या कागदावर लिहिली नाही.

काम काय असायचं ते आधी सांगते. मंगळवारी नि शुक्रवारी जिल्ह्याला ओपीडी, गुरुवारी जीपनं धारूरला. डॉक्टर तपासायचे. मी कागद काढायचे, गोळ्या समजावून द्यायचे, इंजेक्शन टोचायचे, आणि ह्या सगळ्यापेक्षा जास्त म्हणजे बोलायचे. झोप उडालेली, उदास झालेली माणसं यायचीच, पण मी म्हणतेय ते मोठ्या आजाराचं. ह्यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. ते शिव्या देतात, हुकूम सोडतात. सख्खी आई भाकरीत विष घालतेय अशी खात्री पटते. खात्री म्हणजे कशी, तर आज वार कोणता ह्याची तुम्हाला-मला असते तशी. पुस्तकात ह्याला छिन्नमनस्कता म्हणतात. ते नाव ऐकून चांगलं माणूस आजारी पडावं. शुगर-बीपीसारख्याच ह्याच्या गोळ्या असतात, रोज घ्यायच्या. घेतल्या तर बरीच माणसं शेती करतात, पोरं सांभाळतात, भांडतात, चारचौघांसारखी जगतात. हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलते, असं आमचे हे सांगतात.

मी खात्यात आले तेव्हा जुन्या मेट्रनबाईंनी मला तीन गोष्टी शिकवल्या. टेबलावर कात्री ठेवायची नाही. दाराकडची खुर्ची आपली, म्हणजे वेळ आली तर आपल्याला पटकन बाहेर पडता येतं. आणि पेशंटकडं पाठ करायची नाही, कपाटातून काही काढायचं असलं तरी तिरकं उभं राहून काढायचं. मी हे इमानानं पाळलं आणि नव्या पोरींना शिकवलं. अठरा वर्षांत माझ्यावर हात उचलला गेला तो एकदाच, आणि तोही पेशंटनं नाही, पेशंटच्या मेव्हण्यानं; पिऊन आला होता. तरी खुर्ची काही मी हलवली नाही.

कांता मला पहिल्यांदा भेटली ती धारूरच्या कॅम्पात. घाटाखालच्या एका गावची, लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा विलास, गाडीवर मागं बसवून, ओढणीनं तिला आपल्या कमरेशी बांधून घेऊन आला होता, म्हणजे मधेच उडी मारू नये. त्याआधी पंधरा दिवस तिनं घरातलं पीठ खाल्लं नव्हतं. पिठातून तिला कुणीतरी नावं ठेवत होतं. गावात दोन ठिकाणी अंगारा झाला होता, एका ठिकाणी कोंबडं झालं होतं. विलास बोलायला गरीब. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले की एकाचं उत्तर द्यायचा. पण शेवटी उठताना त्यानं मला एकच विचारलं, "शिष्टर, ही पयल्यावानी हसंल का?" मी ते वाक्य म्हटलं, माझं नेहमीचं. त्यानं मान हलवली, आणि त्यानंतर एक गुरुवार चुकवला नाही.

सहा-सात महिन्यांत कांता हसायला लागली. नुसती हसायला नाही, आम्हालाच हसवायला लागली. डॉक्टर इंजेक्शनला बिचकतात आणि माझ्या हाताला भितात, हे तिनं डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं. दसरा जवळ आला तशी मात्र ती गप्प झाली. विचारलं तर म्हणाली, उसाला जायचंय, पण टोळीतल्या बायांनी गोळ्या बघितल्या तर काय सांगू?

बाहेरच्या वाचकांना सांगते, आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, पश्चिमेकडं, काही कर्नाटकात. मुकादम माणसं गोळा करतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता घ्यायला कुणी राजी नसतं. म्हणजे कांता गेली नाही तर विलासही अर्धा. उसाच्या फडाशेजारी ताडपत्रीच्या खोप्यांत पाच-सहा महिने दाटीवाटीनं राहायचं. तिथं झाकून काही राहत नाही.

मी म्हटलं, काही काळजी करू नको. आणि माझी युक्ती केली.

ही युक्ती मी बरीच वर्षं करत होते, आणि खरं सांगायचं तर तिचा मला अभिमान होता. लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्या मी जमवून ठेवायचे. पाकिटातल्या गोळ्या सोडवून त्या डब्यांत भरायचे आणि पेशंटला शिकवायचे, कुणी विचारलं तर सांगायचं, ताकदीच्या गोळ्या आहेत. कितीतरी सुना ह्या डब्यांवर नांदल्या. कितीतरी पोरांनी होस्टेलात ह्याच डब्या ठेवल्या. मला वाटायचं, बघा, लोकांची तोंडं बंद करता येत नाहीत पण डबी तर बंद करता येते. डॉक्टरांना गळ घालून मी कांताला तीन महिन्यांच्या गोळ्या मिळवून दिल्या आणि डबी तिच्या हातात ठेवून तीनदा पाठ करून घेतलं. ती हुशार. चौथ्यांदा तिनंच मला म्हणून दाखवलं.

आता माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती ते बघा. मी जन्मभर जिल्ह्यात काढलेली बाई. टोळीत कुणी एकटं काही खात नाही हे मला ठाऊक होतं. तिथं मीठ, चहापत्ती, डोकं दुखल्यावर चोळायचं मलम, सगळं सगळ्यांचं असतं. एका खोपीत भजी तळली की आठ खोप्यांत जातात. आणि दिवसभर वाकून मोळ्या वाहणाऱ्या बायांमध्ये मी एका बाईच्या हाती 'ताकदीच्या गोळ्या' देऊन पाठवल्या.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ओपीडी भरलेली असताना विलासचा फोन आला. त्याच्या मागं गलका ऐकू येत होता. तो इतका घाबरला होता की नीट बोलता येईना. मी दोन शब्द ऐकले, मान आणि डोळे, आणि काय झालं असेल ते मला कळलं. मी विचारलं, मान एका बाजूला पिळली का? हो. डोळे वर चढले का? हो. कुणाचे, कांताचे? "न्हाई शिष्टर. दुसऱ्या बायांचे. दोघींचे."

कांताचा कामाचा झपाटा बघून बायांनी तिला विचारलं होतं, तू खातीस तरी काय? तिनं शिकवल्याप्रमाणं सांगितलं. मग नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. पाच जणींनी दोन-दोन गोळ्या घेतल्या. ह्या गोळीची सवय नसलेल्या शरीराला कधीकधी असा त्रास होतो: मान पिळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. कांताला तो होऊ नये म्हणून तिच्या डबीत दुसरी बारकी गोळी होती. बायांनी ती घेतली नव्हती. बघणाऱ्याला वाटतं, अंगात आलं. एक इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात उतरतं. मी विलासला गोळीचं खरं नाव सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं आणि जवळच्या दवाखान्यात पळवायला लावलं. दुपारपर्यंत दोघी बऱ्या झाल्या. जिवाचं काही झालं नाही. त्या दिवशी मी देवाला हात जोडले, आणि माझी शरम मला वाटली ती दुसऱ्या दिवशी.

कारण तिथल्या कुणा डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, ह्या वेडाच्या गोळ्या तुम्हाला दिल्या कुणी? झालं. टोळीला कळलं की कांता येडी आहे, आणि तिनं बायांना येडाच्या गोळ्या चारल्या. कुणी म्हणालं करणी केली, कुणी म्हणालं तिचं येड लागतं, आता बघा आपल्यालाही लागलं. डबी पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यात फेकली आणि पाचट पेटवलं. त्यांच्याच गावच्या अंकुश मुकादमानं दोघांना गाडीत बसवून गावी धाडलं. मोठा घरंदाज, सभ्य माणूस. शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, पुन्हा येऊ नका.

गोळ्या बंद पडल्या होत्या. पुढच्या गुरुवारी विलास तिला घेऊन आला तेव्हा ओढणी पुन्हा त्याच्या कमरेला होती. कांता माझ्याकडं बघतही नव्हती. भिंतीत कुणी बोलत होतं त्याचं ऐकत होती. मी विलासला म्हटलं, तू मला शिव्या दे. त्यानं दिल्या नाहीत. खाली बघत म्हणाला, "तुमी म्हनल्या तसंच ती बोलली, शिष्टर. एक अक्षर चुकली न्हाई."

त्या वाक्यानं मला जे केलं ते कुठल्या मेमोनं केलं नसतं. मेमो काही आला नाही. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, जाऊ द्या सिस्टर, तुमचा हेतू चांगला होता. हेतू चांगला होता म्हणून तर इतकी वर्षं कुणी मला अडवलं नाही. कपाटातल्या सगळ्या रिकाम्या डब्या मी त्या दिवशी पोत्यात भरल्या आणि भंगारात घातल्या. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत होते की ह्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि सांगून झालं की हळूच लपवायची डबी देत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यानंतर मी पाकिटातलीच गोळी द्यायचे आणि घरच्यांकडून आजाराचं नाव मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. सगळ्यांना ते रुचलं असं नाही. दोन घरांनी येणं बंद केलं. एका सासूनं मला बाहेरच्या बाकड्यावर ऐकू जाईल असं सुनावलं की बाई, तुमचं काय जातंय, पोरीचा संसार आमचा मोडंल. ती काही खोटं बोलत नव्हती. ती दोन घरं मला अजून आठवतात. पण मी मागं फिरले नाही.

कांताला सावरायला पाऊसकाळ लागला. भाद्रपदात एका मंगळवारी ती जिल्ह्याला एकटी एसटीनं आली. एकटी आलेली मी तिला पहिल्यांदा बघितली. दातवाल्यांच्या टोकाला न बसता सरळ माझ्या दारात उभी राहिली. घरात बोलणं चाललं होतं की विलासनं दुसरी करावी. कोयता जुळायला पाहिजे, आणि हिला कुठली टोळी घेणार? विलास नाही म्हणत होता, पण रोज नाही म्हणायला माणसाला किती बळ असतं? कांता म्हणाली, "तुमी गावात येऊन खरं सांगा. मी सांगितलं तर म्हनतेत, येडी बोलती."

मी गेले. रविवारी, स्वतःच्या खर्चानं, ड्यूटीची साडी न नेसता. मारुतीच्या पारावर दुपारी पंधरावीस माणसं होती. अंकुश मुकादमानं मला खुर्ची मागवली. पलीकडं बाया, त्यांत गयाबाई. मान पिळली होती त्या दोघींपैकी ही एक. पन्नाशीची, टोळीतली जुनी, तिच्या शब्दावर बाकीच्या बाया चालायच्या. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी उभं राहून सांगितलं. डबी मी भरली. खोटं मी शिकवलं. कांतानं कुणाला काही चारलं नाही, तुम्ही मागितलं आणि तिनं दिलं, जसं तुमच्यात देतात. तिला आजार आहे, त्याचं नाव हे, त्याच्या गोळ्या ह्या. मी पाकीट वर धरून दाखवलं. तो लागत नाही, शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही. मला वाटलं, जमलं.

मग अंकुश मुकादम बोलला. त्याचं बोलणं शांत होतं. "शिष्टर, तुमी खरं बोलल्या, लई मोठं मन हाय. पर एक इचारतो. उसात पातीला पात लागून असती, ज्याची त्याची तोडायची वळ. एक म्होरं जातो, एक मागं राहतो. मागच्याच्या हातात कोयता, म्होरच्याची पाठ उघडी. तिच्या म्होरं आमच्या बायांनी कावून वाकावं? तुमी वाकाल का?"

बघा, ह्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. आजारी माणूस दुसऱ्यावर हात टाकतो त्यापेक्षा दुसऱ्यांचा हात त्याच्यावर जास्त पडतो, हे मी शंभर सभांत सांगितलं होतं. पण त्यानं ते विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तुम्ही वाकाल का. आणि मला माझी दाराकडची खुर्ची दिसली. कांता माझ्यासमोर बसायची, तिचे केस विंचरलेले, हातात भाकरीचा डबा, आणि मी इंजेक्शन काढायला कपाटाकडं तिरकी उभी. तिला काय दिसत नसेल? इतके दिवस तिला सगळं दिसत होतं.

"वाकीन," मी म्हटलं.

गयाबाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बोलायला काय लागतंय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मुकादम हसला नाही. त्याच्या तळ्याखालच्या रानात दुसऱ्या दिवशी बेण्याचा ऊस तोडायचा होता, म्हणजे नव्या लागणीसाठीचा. तो म्हणाला, या मग.

मी रजा टाकली. आमच्या ह्यांनी, सत्तावन्न वर्षांच्या बाईनं ऊस तोडायला जावं हे कुठल्या जीआरमध्ये आहे, असं विचारलं. मी त्यांचे जुने बूट पायात घातले आणि निघाले.

सकाळचं ऊन, कमरेच्या वर पाचट, हाताला पानांची धार. मुकादमानं मला कोयता दिला आणि चार हात पुढून माझी पात लावून दिली; मागून कांता. बेण्याचा ऊस सोलत नाहीत, त्याचे कोंबांचे डोळे दुखावतात, म्हणून पाचटासकट नुसता बुडातून तोडायचा. कांता एका घावात तोडायची. मला चार लागायचे. ती मला ओलांडून कधीच पुढं गेली असती, पण तिला मागंच राहायचं होतं, म्हणून ती हात आवरून तोडत होती. बांधावर गयाबाई आणि दोघीतिघी बसल्या होत्या. विलास बैलगाडीपाशी उभा होता. त्याच्या हातात काही काम नव्हतं.

आता खरं लिहिते. मला भीती वाटली. सगळं माहीत असून, तिला मुलीसारखी मानत असून वाटली. मागं कोयत्याचा आवाज व्हायचा आणि प्रत्येक आवाजाला माझी पाठ आक्रसायची. मी दोनदा वळून बघितलं. पहिल्यांदा घाम पुसायचं निमित्त केलं. दुसऱ्यांदा निमित्तही सुचलं नाही. बांधावरून गयाबाई बघत होती, तिला माझी पाठ काय बोलतेय ते कळत होतं. मला रडायला आलं. अठरा वर्षांची नोकरी आणि ही तिची कमाई.

तेव्हा मागून कांता म्हणाली, हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "शिष्टर, मागं बगू नगा. तोडताना मागं बगितलं की कोयता आपल्याच पायावर येतो. म्होरं बगा. मागं मी हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. नव्या बाईला जुनी सांगते तसं तिनं सांगितलं. उसाचा तो साधा नियमच आहे, टोळीतल्या पोरासोरांना माहीत असतो. मी पुढं बघितलं. बुडाशी वाकले. कोयता घातला, एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला ऊस पडला. पाठ आपोआप सैल झाली असं नाही. मी ती सैल केली, हट्टानं, घावागणिक. पातीच्या मध्यावर आले तेव्हा मला मागचा कोयता ऐकू येईनासा झाला होता, कारण मी स्वतःच्या श्वासानं बेजार झाले होते.

पातीच्या टोकाला पोचून कंबर सरळ केली तर उजव्या बाजूला तिसरी पात तोडलेली दिसली. गयाबाई कधी बांधावरून उठली, कधी पदर खोचला, मला कळलं नाही. कांताच्या पुढं चार हात, पाठ करून, ती वाकून तोडत होती. मला बघून एवढंच म्हणाली, शिष्टर, तुमची तोड लई वंगाळ हाय, बुडखे वर ठिवल्यात, मुकादम बोलंल.

त्या साली विलास आणि कांता टोळीत गेले. मुकादमानं माझा नंबर घेतला आणि गोळीचं नाव आपल्या डायरीत माझ्याकडून लिहून घेतलं. गाड्या निघताना मी मुद्दाम गेले होते. कांतानं बायांना पाकीट दाखवून सांगितलं, ह्या माझ्या आजाराच्या हाईत, कुनी खायच्या न्हाईत. आन ताकदीच्या पायजे असल्या तर शिष्टरला मागा, तिला ऊस तोडून लई ताकद आलीय. बाया हसल्या. माझ्या हाताचे फोड तेव्हा पुरते गेलेसुद्धा नव्हते.

सगळं गोड झालं असं समजू नका. त्याच हंगामात माघात कांताची झोप पुन्हा गेली, आवाज परतले. पण ह्या वेळी फोन मुकादमाचा आला, पहिल्याच दिवशी. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवून दिला, आणि आठ दिवस गयाबाई तिच्या खोपीत झोपली. टोळीतल्या काहींनी शेवटपर्यंत कांताच्या हातचं पाणी घेतलं नाही. मास्तर मी रिटायर होईपर्यंत रुमाल लावूनच येत राहिले. मीही त्यांना काही म्हटलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

टोळ्या परतल्यावर, चैत्रात, एका शुक्रवारी बाहेर मोठ्यानं कुणीतरी विचारत होतं, "ती येड्याची म्हनतेत ती खोली कंची? आमची कांता येती ती." बाकड्यावरचे सगळे रुमाल हलले. दारात गयाबाई होती. तिच्यामागं तिचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, दाढी वाढलेला, अंगावर उन्हाळ्यात शाल. बारा वर्षं तो घरातल्या मागच्या खोलीत होता. गावात सांगितलं होतं की पुण्याकडं कंपनीत आहे. पारावर माझ्याकडं न बघता बसलेली गयाबाई मला तेव्हा कळली.

भाऊ आत आला आणि पेशंटच्या खुर्चीवर, भिंतीकडच्या, टेकला. त्याला घाम फुटला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, गयाबाईकडं बघत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून माझ्यामागच्या दाराकडं बघत होता. डोळे तिथून हलत नव्हते. बारा वर्षं बाहेरून कडी लावलेल्या खोलीत राहिलेला माणूस, आणि त्याच्या नि दाराच्या मधे मी बसले होते. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या किती जणांनी असं बघितलं असेल, आणि मी त्यांच्या कागदावर 'नजरेला नजर देत नाही' असं लिहिलं होतं.

मी उठले. त्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही इकडं बसा, माझ्या खुर्चीवर. दार उघडंच आहे. कधीही उठून जा. तो गयाबाईच्या हाताला धरून आला नि बसला. मी टेबलाला वळसा घालून भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. त्यानं एकदा वळून दार बघितलं, खरंच उघडं आहे का ते. मग शाल खांद्यावरून खाली घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "इचारा."